ऑक्टोपसचा डोळा

"माहिती प्रभाकरची, हात भालूचा," अण्णा पोंक्षे म्हणाले आणि विषय संपवून टाकला.

आम्ही त्यांच्या कारखान्याच्या पडवीत चहा पीत उभे होतो. गणपती पाण्यात जाऊन पंधरा दिवस झाले होते. पेणच्या मूर्तीच्या कारखान्यांत वर्षभर मान वर करायला फुरसत नसते, तेवढेच काय ते दिवस जरा निवांत. त्यात ही ऑर्डर आली होती. किनाऱ्यावरच्या एका गावात नवं मत्स्यालय होणार होतं आणि त्याच्या दारावर बसवायला त्यांना नऊ फुटी ऑक्टोपस हवा होता.

ऑक्टोपस! मी चहा अर्धा टाकला. आयुष्यभर ज्याचा ध्यास घेतला तो आपणहून चालत कारखान्यात आला होता, आणि अण्णा तो दुसऱ्याच्या हातात देत होते.

"अण्णा, मी करतो की सगळं," मी म्हणालो. "मला त्याचा हात न् हात माहीत आहे."

"म्हणून तर तू सांग. तो करेल." अण्णांनी कप खाली ठेवताना आधी बोटांनी कट्टा चाचपला. "आणि दोघंही ऐका. दिवाळीनंतर माझ्याच्याने आखणी होणार नाही. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही म्हणतात. या कामाला मत्स्यालयाच्या बाई काय म्हणतात ते बघू आणि मग पाटावर कोण बसणार ते ठरवू."

बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही, म्हणून सांगतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. माती कोणी मळो, साचा कोणी भरो, पीतांबर कोणी रंगवो, गिऱ्हाईक शेवटी बघतं ते डोळे. आखणी करणारा कारखान्यात एकच असतो. त्याचा पाट वेगळा, ब्रश वेगळे, त्याच्या पाटाला कोणी पायसुद्धा लावत नाही. मी अकरा वर्षं तिथे सोंडेचं शेडिंग आणि दागिने करत होतो आणि अकरा वर्षं माझं लक्ष त्या पाटावर होतं.

भालू, म्हणजे हमरापूरचा भालचंद्र घरत, येऊन फक्त दोन वर्षं झाली होती. वयाने माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पहिल्याच हंगामात अण्णांनी त्याला वितभर मूर्तींचे डोळे काढायला दिले, आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही. बरं, पोरगा उद्धट असता तर निदान चारचौघांत नावं ठेवता आली असती. तर तेही नाही. मला दादा म्हणायचा, माझा डबासुद्धा धुऊन ठेवायचा. अशा माणसाचा मत्सर करणं फार कष्टाचं काम असतं. सगळं आपल्यालाच करावं लागतं.

ऑक्टोपसचं वेड मला नवव्या वर्षी लागलं. आमचं गाव थेरोंडा, रेवदंड्याच्या पलीकडचं. ओहोटीला आई खडकांवर कालवं काढायला जायची, मी मागे मागे. एकदा खडकातल्या डबक्यात हा सापडला. माझ्या दोन मुठींएवढा. डालडाच्या डब्यात पाणी घेऊन मी त्याला आत घातला आणि कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. मग वर झाकण दाबलं. झाकणाला हवेसाठी चार आण्याच्या नाण्याएवढं भोक होतं. घरी येऊन बघतो तर डब्यात नुसतं पाणी. एवढा मोठा जीव तेवढ्याशा भोकातून निघून गेला होता. आई म्हणाली, "बरा झाला, गेला." मी मात्र त्या दिवसापासून कामातून गेलो.

पुढे अलिबागच्या वाचनालयात बसून मिळेल ते वाचलं, वर्तमानपत्रातली कात्रणं जमवली. त्याला तीन हृदयं असतात, रक्त निळं असतं, डोळ्यादेखत तो दगडासारखा दिसायला लागतो, बरणीचं झाकण फिरवून उघडतो. हे सगळं मी लोकांना सांगायचो आणि लोक जांभया द्यायचे. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात बायकोला निळ्या रक्ताचं सांगितलं. ती म्हणाली, "अगोबाई! बरं, येताना कोथिंबीर आणा."

आणि आता ऐकायला कोण मिळालं? तर भालू.

तो खरोखर ऐकायचा. लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा राहिला, त्यावर काथ्या आणि प्लास्टर चढायला लागलं, आणि याचे प्रश्न सुरू झाले. "दादा, हाताला हाड नाय, मंग वाकतो कुठशी?" "दादा, ह्या वाट्या सगल्या सारख्या का लहानमोठ्या?" मी सांगत सुटायचो. कुठलाही हात कुठेही वाकतो. वाट्यांच्या दोन रांगा, बुडाशी मोठ्या, टोकाला मोहरीएवढ्या. त्या वाट्यांनी तो नुसता धरत नाही, चवसुद्धा घेतो. नराचा उजवीकडचा तिसरा हात टोकाला निराळा असतो, तिथे वाट्या नसतात. एकेका हातावर मी तास तास बोललो असेन. जेवणाची सुट्टी संपायची, डबा तसाच राहायचा.

खरं सांगायचं तर ते आठ-दहा दिवस मी सुखात होतो. पण संध्याकाळी काम बघितलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. मी जे सांगायचो ते हा जसंच्या तसं उभं करायचा, वर स्वतःचे चार आणे घालायचा. वाट्यांसाठी त्याने निरनिराळ्या बाटल्यांची बुचं गोळा केली आणि ओल्या प्लास्टरवर दाबत गेला. दोन दिवसांत सोळाशे वाट्या. कातडीसाठी गोणपाट दाबला. रंग ब्रशने न लावता स्पंजने टिपला, विटकरी, त्यावर राखाडी. लोक रस्त्यावरून आत येऊन बघायला लागले आणि म्हणायला लागले, "भालूचा ऑक्टोपस बघितलात का?"

भालूचा! डबक्यात हात घातला मी, वाचनालयात डोळे फोडले मी, आणि ऑक्टोपस भालूचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

डोळे सोडून सगळं झालं, तो दिवस शुक्रवार होता. दुपारी आम्ही दोघंच होतो. भालू शिडीवर चढून डोळ्यांच्या उंचवट्यावर पांढऱ्या रंगाचा हात देत होता. तो वरून म्हणाला, "दादा, आता डोला कसा काढू?"

आता हे मला ज्या तऱ्हेने माहीत होतं तसं दुसरं काहीच माहीत नव्हतं. बाकीचं पुस्तकातलं होतं, डोळा माझा स्वतःचा होता. त्या डालडाच्या डब्यात मी दुसरं काय बघत बसलो होतो? ऑक्टोपसच्या डोळ्यातली बाहुली गोल नसते. जाड, काळी, आडवी रेघ असते, दानपेटीच्या फटीसारखी. मी डबा तिरका केला, तो तिरका झाला, रेघ आडवीच. तो उलटा लोंबकळला तरी रेघ आडवीच. जग कसंही फिरो, त्याची रेघ सरळ. नऊ वर्षांच्या मला हे बघून हसू फुटलं होतं.

"कसा म्हणजे?" मी म्हणालो. "आपल्यासारखाच. गोल."

"गोल?"

"गोल."

मी खाली बघून ब्रश पुसायला लागलो. मनात आधी काही ठरवलं होतं म्हणावं तर तसं नाही. तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर बरं वाटलं. अगदी गार वाटलं. हे मी लपवत नाही.

भालूने शनिवारी डोळे काढले. मी मुद्दाम दूर बसलो होतो, पण हातातलं काम पुढे सरकत नव्हतं. दुपारी सगळे गोळा झाले म्हणून मीही गेलो.

काय सांगू! असा डोळा मी अण्णांच्या हातचाही पाहिला नव्हता. गोल, ओला, माया असलेला. नऊ फुटांवरून तो खाली बघत होता आणि कुठेही उभं राहिलं तरी आपल्याकडेच बघत होता. एक म्हातारी भाजीवाली आत आली होती, तिने चपला काढल्या. अण्णा शिडीवर चढून जवळजवळ नाक टेकवून बघत होते. म्हणाले, "मला धूसर दिसतंय. पण तो बघतोय एवढं मला कळतंय."

मी चुकीचं सांगितलं तरी याने सुंदरच काढलं होतं. मला वाटलं, याला खड्ड्यात ढकललं तरी हा हातात कमळ घेऊनच वर येईल.

ऑइलपेंट होता, वाळायला दोन दिवस लागणार होते. मत्स्यालयाच्या बाई सोमवारी यायच्या होत्या. रविवारी सकाळी भालू एकटाच त्याच्यासमोर उकिडवा बसलेला दिसला. मला बघून म्हणाला, "दादा, कायतरी चुकतंय असा वाटतंय."

"काय चुकतंय?"

"समजत नाय. तू बघ ना. तुना समजंल."

मी बघितलं. बघितल्यासारखं केलं. "काही चुकत नाही. छान झालंय," मी म्हणालो.

"बघ हां, दादा. रंग अजून ओला हाय."

"सांगितलं ना एकदा."

तो उठून गेला. मीही मूग गिळून घरी आलो. बायकोने विचारलं, चेहरा असा का? मी म्हटलं, उन्हाने.

सोमवारी दहा वाजता जीप आली. डॉ. मृणाल तांडेल, मत्स्यालयाच्या शास्त्रज्ञ. चाळिशीच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. आल्या आल्या त्या ऑक्टोपसभोवती दोनदा फिरल्या. वाट्यांवरून बोट फिरवलं. उजवीकडचा तिसरा हात टोकापर्यंत बघितला आणि थबकल्या.

"हे कोणी केलं?" त्या म्हणाल्या. "अहो, पुस्तकं बघून करणारेसुद्धा इथे चुकतात."

अण्णा फुलून गेले. मग बाईंनी वर बघितलं. थोडा वेळ बघतच राहिल्या, आणि त्यांना हसू आलं. वाईट हसणं नव्हतं ते.

"डोळे फार गोड आहेत हो. पण हा ऑक्टोपस आता मोदक मागेल."

कोणीच हसलं नाही.

"त्याची बाहुली अशी गोल नसते," बाई सांगायला लागल्या. "आडवी असते. फटीसारखी. आमच्याकडे शाळेची पोरं येणार, त्यांना चुकीचं दाखवून कसं चालेल? हे बदलावं लागेल."

अण्णांचा चेहरा उतरला. पन्नास वर्षांत त्यांच्या कारखान्यातला डोळा कोणी परत केला नव्हता. मी या क्षणाची तीन दिवस वाट बघितली होती. आता भालू म्हणेल, यानेच सांगितलं. मग मी म्हणेन, मी कुठे असं म्हणालो? साक्षीदार कोणी नव्हता. मी वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं.

भालूने माझ्याकडे बघितलं. मग बाईंना म्हणाला, "माझी चूक झाली, मॅडम. डोले मी काढले."

झालं! मोठेपणाही त्यानेच घेतला. माझ्या वाक्याचं आता काय करायचं ते मला कळेना.

"पण तो तिसरा हात?" बाईंचं समाधान झालं नव्हतं. "ज्याला तो माहीत आहे त्याला डोळा माहीत नाही असं होणारच नाही. ही माहिती दिली कोणी?"

"आमच्या प्रभाकरने," अण्णा म्हणाले. "लहानपणापासून वेड आहे त्याला."

बाई माझ्याकडे वळल्या. "मग तुम्हाला डोळा माहीत नव्हता?"

माहीत होता म्हणावं तर का सांगितला नाहीस, हा पुढचा प्रश्न. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. भालू जमिनीकडे बघत होता.

"नाही, मॅडम," मी म्हणालो. "मला माहीत नव्हतं. माझं आपलं ऐकीव सगळं."

बाईंना माझी दया आली असावी. त्या मला समजावून सांगायला लागल्या. ऑक्टोपस कसाही वळला तरी ती रेघ आडवीच राहते. मी म्हणालो, हो का? त्याला तीन हृदयं असतात. मी म्हणालो, अरे वा! त्याचं रक्त निळं असतं, प्रभाकरराव. मी मान हलवली. माझ्याशी ऑक्टोपसवर बोलणारी पहिली शहाणी व्यक्ती भेटली होती, आणि मी तिच्यासमोर ढ पोरासारखा उभा होतो.

"दुरुस्ती आजच करून देतो," अण्णा म्हणाले. "भालू?"

"दादाला करू द्या," भालू म्हणाला. "माझा हात आता गोलाला बसलाय."

त्याने शिडीवर चढून दोन्ही डोळ्यांवर पटकन वाळणाऱ्या पिवळट रंगाचा हात दिला आणि खाली उतरून ब्रश माझ्या हातात ठेवला. अण्णांचा आखणीचा ब्रश. अकरा वर्षांत मी तो पहिल्यांदा धरत होतो. बाईंनी पर्समधून एक रंगीत फोटो काढला. "हा बघून करा. मी धरते असा," म्हणाल्या आणि शिडीशेजारी हात उंच करून उभ्या राहिल्या.

मी वर चढलो. आधी कडेची सोनेरी झाक, मग आत गडद होत जाणारी किनार. मग श्वास रोखून ती रेघ. डावीकडून सुरू केली, मध्ये जराशी जाड, टोकांना गोलसर. खालची कड अगदी थोडी बाकदार. मग शिडी हलवून दुसरा डोळा. त्या बाजूचा एक हात वर उचललेला, म्हणून डोकं किंचित कललेलं आहे. मी रेघ डोक्याच्या कलाने घेतली नाही, जमिनीला सरळ घेतली. खालून आवाज येत नव्हता. मला वाटलं, लोक बघण्यात रंगलेत. मी इतका आनंदात होतो की मी कुठे आहे आणि सकाळी काय झालं हेच विसरलो होतो.

उतरलो, वळलो. "बघा, मॅडम," मी म्हणालो.

बाईंच्या एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातात बशी. फोटो नव्हता.

"फोटो तर मी केव्हाच ठेवून दिला," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही एकदाही बघितलं नाहीत." मग त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे. "कललेल्या डोक्याची रेघसुद्धा सरळ काढलीत. हे मी तुम्हाला सांगितलं खरं, पण फोटोत नाही ते."

कोणीतरी उगाचच खोकलं. मी ब्रश धुवायला पाणी शोधायला लागलो. पाणी समोरच होतं.

बाईंनी काम पसंत केलं, सही केली, जीप गेली. सगळे आपापल्या कामाला लागले. अण्णांनी मला जवळ बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हात तयार आहे तुझा," ते म्हणाले. "भालूपेक्षाही. हे मला आज कळलं."

"अण्णा, मी…"

"ऐक. दिवाळीनंतर डोळा नीट झाला की नाही हे मला दिसणार नाही. पाटावर बसलेल्याला मी विचारीन आणि तो सांगेल ते मला खरं धरावं लागेल. म्हणून भालू."

मी मान हलवली. त्यांना ती दिसली की नाही कोणास ठाऊक. मग मी "हो" म्हणालो.

याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. पुढच्या गणपतीनंतर मी ते काम सोडलं, अलिबागला साइनबोर्ड रंगवायला लागलो, बरं चाललं. अण्णांचं ते वाक्य मी पचवलंसुद्धा. त्यांचं बरोबरच होतं. पचलं नाही ते दुसरंच.

त्या दुपारी भालू नेहमीसारखा माझ्याशेजारी डबा उघडून बसला. मी माझा डबा उघडलाच नाही. शेवटी मी म्हणालो, "भालू, मी तुला मुद्दाम गोल सांगितलं."

"माहीत हाय."

"आत्ता कळलं ना, सगळ्यांना कळलं."

"आता नाय. तवाच." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "एकेका हाताचा तू तास तास सांगितलास, दादा. डोल्याचा एका शब्दात आटपलास. तवाच समजलो मी, ह्यो खोटा बोलतोय."

"मग गोल काढलास कशाला?"

त्याने आपल्या डब्यातलं कालवण माझ्याकडे सरकवलं. रागावलेला दिसत नव्हता.

"रंग सुकंपर्यंत तू सांगशील, असा वाटला," तो म्हणाला.